जुन्या पट्ट्याची पाच मिनिटं

माझ्या थोरल्या बहिणीच्या भुवया पांढऱ्या आहेत. वयानं नव्हे, पिठानं. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत त्या काळ्या होतात आणि तेव्हा ती आरशात स्वतःकडे जरा परक्यासारखी बघते. सगळा गाव तिला अक्का म्हणतो. तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंही अक्काच म्हणतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

अक्का पिठाची गिरणी चालवते. मेहुणे गेले तेव्हा थोरली मुलगी सात वर्षांची होती आणि धाकटी रांगत होती. गिरणी विकून टाक, असं सांगायला चार माणसं आली. अक्कानं त्यांना बसायला पोती दिली, मोटर सुरू केली आणि म्हणाली, "आता बोला." मोटर चालू असताना गिरणीत कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. माणसं थोडा वेळ तोंडं हलवत बसली आणि अंगावरचं पीठ झटकत निघून गेली. त्याला आता अठरा वर्षं झाली.

ही गिरणी म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाला लोखंडी पिंपात बसवलेले दोन दगड, आणि दोहोंच्या मध्ये पळणारा रुंद काळा पट्टा. वर पत्र्याचा डबा, त्यात धान्य ओतायचं. खाली तोंडाला बांधलेली कापडी बाही, तिच्यातून पीठ गरम गरम पडतं. बाजूला एक लहान चाक आहे. ते फिरवलं की दगड जवळ येतात किंवा लांब जातात, पीठ बारीक होतं किंवा जाडं. सगळी विद्या त्या चाकात आहे. बाकीचे गिरणीवाले पीठ चिमटीत घेऊन बघतात आणि मग चाक फिरवतात. अक्का आधी चाक फिरवते आणि मग, खात्री म्हणून, चिमटीत घेते. ती दगड ऐकते. गहू ओला आहे, मक्यात खडा आला आहे, कुणी जुन्या धान्यात नवं मिसळून आणलं आहे, हे तिला पाठमोरी असताना कळतं. एकदा एका बाईला ती वळून न बघताच म्हणाली होती, "डब्यात चमचा गेलाय तुझा." आणि खरंच गेला होता.

पट्टा जुना होता. कधीतरी तुटला तेव्हा मेहुण्यांनीच लोखंडी क्लिपा ठोकून तो जोडला होता. तो सांधा प्रत्येक फेरीला मोटरच्या चाकावरून जाताना वाजायचा. टक. टक. टक. रस्त्याच्या त्या टोकापर्यंत ऐकू जायचं. समोरचा न्हावी म्हणायचा की माझा हात त्या टकटकीवर चालतो, गिरणी बंद असली की गिऱ्हाइकाचे कल्ले वर-खाली होतात. लोकांना वाटायचं तो गंमत करतो.

गिरणीत आयुष्य गेल्यामुळे अक्काला हळू बोलता येत नाही. मीठ मागायचं असलं तरी ती नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी मागते. आणि अशा आईच्या पोटी धाकटी आली, जी फारशी बोलतच नाही. मला त्याचं फार दिवस कोडं वाटायचं. मग एकदा लक्षात आलं की पोर पोत्यांच्या थप्पीवर बसून वाढली, तिथं बोलून उपयोग नव्हता. मग ती ऐकत बसली. शाळेतून येऊन ती मला सांगायची, "मामा, मोटर आज सर्दी झाल्यासारखी बोलतीय." दोन दिवसांनी मोटरचं बेरिंग जायचं.

कॉलेजात तिला एक मास्तरीणबाई भेटल्या. त्यांनी तिला सांगितलं की सिनेमातले आवाज नुसते आपोआप येत नाहीत, ते माणसं गोळा करतात, जुळवतात, आणि ते शिकवणारी एक संस्था राजधानीत आहे. धाकटीनं अर्ज भरला. लेखी परीक्षा दिली. पहिल्या चाळिसांत आली. आमच्या घराण्यात चाळिसांत येण्यासारखं याआधी कुणी काही केलं नव्हतं. मग पत्र आलं. चाळिसांतून आठ घेणार होते. मुलाखतीला येताना ओळखीच्या एखाद्या जागेचं ध्वनिमुद्रण आणायचं होतं, सलग पाच मिनिटांचं, कुठंही कापाकापी न केलेलं. आणि त्याविषयी बोलायची तयारी ठेवायची होती.

"बोलायची," अक्का म्हणाली आणि माझ्याकडे बघू लागली. "मेलो आपण."

म्हणून आम्ही निवृत्त शाळामास्तरांना बोलावलं. मास्तरांनी तयारी फार मनापासून घेतली. अक्काच्या स्वयंपाकघरात टेबलाच्या एका बाजूला ते आणि मी, दुसऱ्या बाजूला धाकटी. मास्तर आयुष्यात कधी मुलाखतीला बसले होते की नाही कोण जाणे, पण चष्मा नाकाच्या टोकावर आणून त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "चित्रपटाचे समाजाला होणारे फायदे सांगा. किमान पाच."

धाकटी टेबलावरचं सांडलेलं पीठ बोटानं गोळा करू लागली.

"चार सांग," मी म्हणालो.

"तू मध्ये बोलू नकोस, तू परीक्षक आहेस," मास्तर म्हणाले. "परीक्षक मदत करत नसतो."

"मग तोंड कशाला दिलंय त्याला?" चुलीपाशी उभी असलेली अक्का गरजली. दूध उतू गेलं.

आठवडाभर हे चाललं. मास्तरांनी बारा उत्तरं लिहून दिली आणि धाकटीनं ती पाठ केली, कारण मोठ्या माणसाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. पण तिची खरी तयारी वेगळीच चालली होती. ती रोज वही घेऊन गिरणीत बसायची आणि लिहायची. सकाळी नऊ, गहू, पट्टा थंड, टक जड. अकरा, मका, टक कोरडी. चार, पट्टा तापला, टक मऊ. महिन्याभराच्या त्या वहीत पानोपानी ती टक होती. तिच्यापाशी यंत्र नव्हतं. ते मास्तरीणबाई देणार होत्या, तेही एका दिवसापुरतं. सोमवारी सकाळी मुलाखत. रविवारी निघायचं. म्हणजे हातात फक्त शनिवार. शुक्रवारी धाकटी यंत्र आणायला शहरात गेली आणि मैत्रिणीकडे राहिली.

आणि इकडे शुक्रवारी अक्कानं गिरणीवर पाटी लावली, आज गिरणी बंद. अठरा वर्षांत सुट्टी सोडून तशी पाटी कुणी पाहिली नव्हती. मला वाटलं तिला बरं नाही. जाऊन बघतो तर ती शिडीवर चढून जळमटं काढत होती. दगडांना छिन्नीनं टाकी लावणारा माणूस बोलावून दोन्ही दगड नव्यानं टाचून घेतले होते. बेरिंगात ताजं ग्रीस भरलं होतं. पत्र्याचा डबा घासून त्यात तोंड दिसेल असा केला होता. आणि मोटरवर नवाकोरा पट्टा चढला होता, कारखान्यातून आलेला, एकसंध, सांधा नसलेला.

"हे कशाला गं?"

"मोठी माणसं ऐकणार आहेत," ती वरून म्हणाली. "घरात पाहुणे येणार म्हटल्यावर फाटकी चादर आपण आत टाकतो की नाही?"

मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, मी शिडी धरून उभा राहिलो.

शनिवारी सकाळी धाकटी आली. तळहाताएवढं यंत्र, कानावर लावायचे हेडफोन. अक्कानं डोक्याचा रुमाल नवा बांधला होता. तिनं लेकीला दारात थांबवलं, आत जाऊन मोटरचं बटन दाबलं आणि हात बांधून उभी राहिली. गिरणी सुरू झाली. भुंगा फुलात शिरावा तसा एक गोड, सपाट आवाज. दगड हलके, पट्टा मुका.

धाकटीनं हेडफोन लावले. काढले. पुन्हा लावले. मग ती पट्ट्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन धावत आला. "अक्का, आजही गिरणी बंद? गिऱ्हाइकाची अर्धी दाढी सोडून आलोय."

"चालू आहे की," अक्का म्हणाली. "डोळे फुटले काय?"

"डोळ्यांचं कुठं म्हणतोय मी," न्हावी म्हणाला आणि कान खाजवत परत गेला.

धाकटीनं मोटर बंद केली. शांतता पडली. "आई, जुना पट्टा कुठाय?"

"वेल्डरला दिला. तो फाटका पट्टा घेऊन तू जाणार होतीस होय परीक्षकांपुढं?"

"त्यासाठीच तर जाणार होते."

तिनं वही उघडून आईच्या हातात दिली. अक्का वाचू लागली. ओळीवर बोट ठेवून, सावकाश. पहिलं पान, दुसरं, दहावं. टक जड. टक कोरडी. टक मऊ. तिच्या बोटाचं पीठ ओळींवर उमटत गेलं. वाचता वाचता तिचा चेहरा असा झाला की मी बाहेर रस्त्याकडे बघू लागलो. अठरा वर्षं जे तिला फक्त ऐकू येत होतं, ते पोरीनं लिहून काढलं होतं, आणि तिनं स्वतःच्या हातानं ते पुसलं होतं, तेही कौतुकापोटी.

वही मिटून ती सरळ शेजारच्या वेल्डरकडे गेली. मी मागोमाग. पट्टा उतरवताना अक्कानं जुन्या सांध्याची खीळ काढली होती, मेहुण्यांच्या क्लिपा टोकांना तशाच होत्या, आणि ती लांब पट्टी वेल्डरनं मधोमध कापली होती. एक तुकडा दाराखालच्या फटीला ठोकला होता आणि दुसरा गाडीच्या सीटखाली घातला होता.

"काढ," अक्का म्हणाली.

"दिलेली वस्तू परत मागता अक्का?"

"मागत नाही. नेतेय."

वेल्डरनं दोन्ही तुकडे काढून दिले. "माझ्या दाराखालनं उंदीर आले तर तुमच्या गिरणीचा पत्ता देईन त्यांना," तो म्हणाला, पण जोडायला क्लिपा आणि हातोडा घेऊन तोच आला.

पट्टा जोडला. पण आता त्याला सांधे दोन झाले होते. मोटर सुरू केली तर टक-टक, टक-टक. पाय मुरगळलेल्या माणसासारखी चाल. आणि दगड नवे टाचलेले, ते किंचाळत होते. अक्का मधोमध उभी राहिली, डोळे मिटून. मला बटनापाशी उभं केलं. धाकटीनं आवाज किती घ्यावा हे तपासायला यंत्र चालू केलं आणि ती कोपऱ्यात पोत्यावर बसली.

"बंद कर," अक्का म्हणाली. नव्या सांध्याच्या क्लिपा तिनं हातोड्यानं चपट्या केल्या. "लाव."

टक-टिक. टक-टिक.

"अजून नाही. बंद कर. हे कसलं रडकं चाललंय." पुन्हा ठोकलं, वरून जुन्या कातड्याची पट्टी चिकटवली. "लाव." पिठाच्या धुरळ्यानं मला खोकला आला. "खोकू नकोस, ऐकू दे." दगडांत तिनं जुना मका ओतला, किंचाळणं घासून निघावं म्हणून. एक डबा, दुसरा डबा. चाक एक केस इकडे. "अजून नाही." अर्धा केस तिकडे. "अजून नाही." मी मनात म्हणालो, ही बाई आज मरेपर्यंत अजून नाही म्हणत राहणार. तिसऱ्या डब्यात मका संपत आला, दगडांचा आवाज घोगरा झाला, मग जाड, मग आमच्या ओळखीचा. दुसरा सांधा आवाजाच्या पोटात बुडाला. उरला तो मेहुण्यांनी ठोकलेला एकच. टक. टक. टक.

"हं," अक्का म्हणाली. "हा."

नंतर तिनं खाली वाकून पीठ चिमटीत घेतलं. रस्त्यापलीकडे न्हाव्यानं, बघितलं मी, वस्तरा असलेला हात वर केला आणि पुन्हा खाली आणला.

धाकटीनं त्यानंतर तासभर मुद्रण केलं. गहू, मका, सगळं वहीप्रमाणे. आम्ही दोघं बाहेर पायरीवर तोंड मिटून बसलो. ऊन कललं तेव्हा ती पोत्यावर बसून ऐकत होती, पुढं-मागं करून. मग म्हणाली, "सकाळचं नेते."

"सकाळचं कुठलं?"

"शोधतानाचं. शेवटची पाच मिनिटं."

अक्का उठलीच. "त्यात मी रडकं म्हणाले ते आहे?"

"आहे."

"तुझ्या मामाचं खोकणं?"

"तेही आहे."

"वेड लागलंय काय? महिनाभर जिची वाट बघितलीस ती टक आहे ना आता नीट, ती ने. हे ऐकून लोक म्हणतील, हिच्या आईला गिरणी लावता येत नाही."

धाकटीनं हेडफोन उचलले आणि आईच्या रुमालावरूनच तिच्या कानांवर बसवले. यंत्राचं बटन दाबलं. अक्का उभ्या उभ्या ऐकू लागली. पहिल्यांदा कपाळाला आठ्या. मग एक हात हळूहळू वर आला आणि हवेतल्या हवेत चाक फिरवू लागला. एक केस इकडे, अर्धा केस तिकडे. माझ्या कानांवर काहीच येत नव्हतं, पण तिच्या हाताकडे बघून मला कळत होतं की आता किती झालं. हात थांबला. तिनं डोळे उघडले.

"मी एवढं ओरडते?"

"हो," धाकटी म्हणाली.

"घरातही?"

"घरातही."

अक्कानं हेडफोन काढून त्यांवरचं पीठ फुंकलं. "ने मग," ती म्हणाली. तिच्या मते ती हळू बोलली असावी. न्हाव्यानं मान वर करून बघितलं.

रविवारी आम्ही तिघं निघालो. वाटेत मास्तरीणबाईंना यंत्र परत केलं. त्यांनी पाच मिनिटं बाजूला काढून छोट्या पेनड्राइव्हमध्ये घालून दिली. गाडीत धाकटीनं मास्तरांची बारा उत्तरं एकदा म्हणून दाखवली. अकरावं अडलं ते मी सांगितलं.

संस्थेतला लांबलचक व्हरांडा, भिंतीला लागून बाकं. मुलं घाम पुसत होती, आया-बाप त्यांना पाणी देत होते. आमच्या शेजारी कडक इस्त्रीतले एक गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं की त्यांच्या मुलानं सहाशे सिनेमे बघून त्यांची यादी आणली आहे. "तुमच्या मुलीनं किती बघितले?"

"मोजले नाहीत," अक्का म्हणाली, आणि सगळा व्हरांडा वळून बघू लागला. "गिरणी मात्र जन्मापासून ऐकलीय तिनं."

धाकटीचं नाव पुकारलं. ती गेली, दार लागलं. थोडा वेळ काही नाही. मग दारामागून, मोठ्या स्पीकरवरून, आमची गिरणी सुरू झाली. परक्या शहरात, दगडी इमारतीत, टक-टिक करत लंगडत आली. बाकांवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. "बंद कर," अक्काचा आवाज म्हणाला. बाकावरच्या अक्कानं माझं मनगट धरलं. "अजून नाही." माझा खोकला आला. आतमध्ये कुणीतरी हसलं.

"हसतायत," ती म्हणाली.

"हसू देत. माझ्या खोकण्याला हसले ते."

तिनं मनगट सोडलं नाही. दुसरा हात गुडघ्यावर होता आणि तो चाक फिरवत होता. "हं. हा." टक. टक. टक. मग शांतता.

आणि मग टक-टिक. पहिल्यापासून पुन्हा.

"बिघडलं काय यंत्र त्यांचं?" अक्कानं विचारलं.

"नाही," शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले. "दुसऱ्यांदा ऐकतायत."

तिनं मनगट सोडलं. मी बघितलं, मनगटावर तिची पाचही बोटं पांढरी उमटली होती. प्रवासात दोनदा हात धुऊनही.

धाकटी बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मी विचारलं, "काय विचारलं? फायदे?"

"नाही. म्हणाले, ही अजून नाही म्हणणारी बाई काय शोधतीय? मी सांगितलं, माझी आई आहे. तिनं माझ्यासाठी गिरणी चांगली केली, त्यात गिरणीचा आवाज गेला. तो परत आणतीय."

"मग?"

"मग म्हणाले, सापडला हे तिला कसं कळलं?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, मला माहीत नाही. ते शिकायलाच आलेय."

अक्कानं रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. त्या गृहस्थांकडे एकदा बघितलं. मग ती व्हरांड्यातून आमच्यापुढं चालू लागली, आणि तिची चाल अशी होती की समोरून येणारी माणसं आपोआप बाजूला होत होती.

पत्र पाच आठवड्यांनी आलं. टपालवाल्यानं ते मास्तरांच्या हाती दिलं आणि मास्तर चष्मा सावरत गिरणीत आले. आत गव्हाचं दळण चाललं होतं आणि अक्का कुणाचं दळण मध्येच थांबवत नाही. मास्तर मोठ्यानं वाचू लागले. एक शब्द ऐकू येत नव्हता. पण अठरा वर्षं मोटरच्या आवाजात गिऱ्हाइकांशी बोलणारी बाई ओठ वाचते. मास्तर तिसऱ्या ओळीवर होते तेव्हा तिनं त्यांच्याकडे पाठ फिरवली. पीठ पुरं पडू दिलं, पिशवी बांधली, गिऱ्हाइकाच्या हातात दिली. आणि मग, सकाळचे दहा वाजले असताना, मोटर बंद केली.

सगळा रस्ता गप्प झाला. वेल्डर दारात आला. न्हावी वस्तरा घेऊन धावत आला, मागं फेस लावलेलं गिऱ्हाईक.

"काय झालं अक्का?"

"धाकटी लागली," अक्का म्हणाली. "आठांत."

कुणी काही म्हणायच्या आत ती वळली. नवा पट्टा भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता, कागदात गुंडाळलेला, तिनं तो पुन्हा कधी उघडला नाही. तिनं रुमाल कपाळावर ओढला, पुढच्या माणसाचा गहू डब्यात ओतला आणि बटन दाबलं.

"जा," ती न्हाव्याला म्हणाली. "दाढी पुरी कर त्याची."